संगीत नाटकातील प्रमुख भूमिका कशी पेलावी

संगीत नाटकातील नायिकेची किंवा नायकाची भूमिका वाट्याला आली की गाण्याच्या बाजूने आलेला नट आधी पदांची यादी करतो आणि अभिनयाच्या बाजूने आलेला नट आधी संवाद पाठ करायला बसतो. दोन्ही कामे करावीच लागतात, परंतु या भूमिका माणसाला दमवतात त्या वेगळ्याच ठिकाणी. बोलता बोलता गाण्यात शिरणे, आणि गाणे संपताच, श्वास अजून वरखाली होत असताना, त्याच भावनेत पुन्हा बोलू लागणे, हे एका प्रयोगात दहा-पंधरा वेळा करावे लागते आणि प्रत्येक वेळी गळा, श्वास व मन या तिघांना एकदम वळावे लागते. म्हणून मी तयारीची सुरुवात या सांध्यांपासून करते आणि नव्याने या वाटेला येणाऱ्यांनाही तसेच करण्यास सांगते.

हा सांधा नटाच्या माथी आला त्याला एक इतिहास आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभे केले तेव्हा पदे म्हणण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराकडे होते आणि पात्रे भाषणे करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि पात्राने स्वतःच बोलावे व स्वतःच गावे ही रीत रूढ झाली. तेव्हापासून आजपर्यंत गाण्याची शैली कितीतरी वेळा बदलली, पण नटापुढचा हा पेच बदललेला नाही.

संहिता हाती आल्यावर

पहिल्या वाचनातच वहीत एक आराखडा तयार करावा. प्रत्येक पदासमोर चार गोष्टी लिहाव्यात: पदाआधीचे शेवटचे वाक्य कोणाचे आहे, पद कोणाला उद्देशून आहे, पदाच्या वेळी आपण उभे, बसलेले की चालते आहोत, आणि मागच्या पदापासून या पदापर्यंत आपल्याला विंगेत किती वेळ मिळतो. पदाचा सर्वांत वरचा स्वर कोणता आणि तो पदात किती वेळा येतो, हेही शेजारी टिपून ठेवावे. हा आराखडा पूर्ण झाला की भूमिकेचे खरे ओझे कोठे आहे ते दिसू लागते. बहुतेक नाटकांत ते शेवटच्या दोन अंकांत असते, म्हणजे नेमके आवाज थकलेला असताना. त्यामुळे पहिल्या अंकात कोणती पदे हलक्या आवाजात आणि कमी विस्तारात गायची, याचा निर्णय तालमीच्या पहिल्या आठवड्यातच घ्यावा लागतो.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जुनी संगीत नाटके रात्रभर चालत. आज तीच नाटके तीन तासांच्या आत बसवली जातात. काटछाट करताना दिग्दर्शक गाजलेली पदे सहसा काढत नाही, कारण प्रेक्षक त्यांच्यासाठीच आलेला असतो. कात्री चालते ती विनोदी आणि दुय्यम प्रवेशांवर. परंतु नाटककाराने ते प्रवेश जेथे ठेवले होते तेथे ते गाणाऱ्या नटाची विश्रांती होते. ‘मानापमाना’त लक्ष्मीधराचे प्रवेश रंगत असताना भामिनीला आणि धैर्यधराला दम खायला मिळतो, ‘एकच प्याला’त तळीरामाची आर्यमदिरामंडळातील बैठक भरलेली असते तेव्हा सिंधू विंगेत बसून पुढच्या प्रवेशासाठी गळा आणि मन सावरू शकते. हे प्रवेश निम्मे झाले की पदे एकमेकांना चिकटतात आणि मूळ भूमिकेपेक्षा लहान झालेली भूमिका मूळ भूमिकेपेक्षा अवघड होऊन बसते. म्हणून संहिता कापली जात असतानाच दिग्दर्शकाशी बोलावे, आपला आराखडा त्याच्यापुढे ठेवावा आणि दोन मोठ्या पदांमध्ये किमान एखादा असा प्रवेश राहील याची व्यवस्था करून घ्यावी. रंगीत तालमीत हा विषय काढून काहीही हाती लागत नाही.

पट्टी ठरवणे

पदे शिकण्याआधी पट्टी, म्हणजे आपला षड्ज कोणत्या स्वरावर धरायचा ते, ठरवावी आणि ती मैफलीच्या पट्टीपेक्षा वेगळी असू शकते हे मान्य करावे. मैफलीत गायक ताजातवाना बसलेला असतो. नाटकात तोच गायक दोन प्रवेश ओरडून भांडून, जिना चढून-उतरून आलेला असतो. शेवटच्या अंकातील सर्वांत अवघड पद, पूर्ण नाटकाची तालीम करून झाल्यावर, रात्री अकराच्या सुमारास ज्या पट्टीत विनासायास गाता येते ती आपली पट्टी. गरज पडल्यास मैफलीतल्यापेक्षा अर्धा स्वर खाली यावे. प्रेक्षकाला ते कळत नाही, आणि कळले तरी फाटलेल्या तारषड्जापेक्षा ते बरे वाटते.

नायक आणि नायिका एकाच प्रवेशात पाठोपाठ गातात तेव्हा पट्टीचा प्रश्न दुहेरी होतो. पुरुष काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गात असेल तर त्याचा मध्यम काळी तीनवर आणि पंचम काळी चारवर येतो, आणि या दोन्ही पट्ट्या अनेक स्त्रियांच्या आवाजाला सोयीच्या असतात. त्यामुळे त्याचा मध्यम किंवा पंचम तिने षड्ज मानून उचलला की ऑर्गनवादकाला सूर बदलताना ओढाताण करावी लागत नाही आणि श्रोत्याच्या कानालाही धक्का बसत नाही. मात्र हे कागदावर जुळले तरी प्रत्यक्ष तालमीत पुष्कळदा घोटवावे लागते, कारण समोरच्याचा षड्ज कानात घुमत असताना आपला षड्ज मनात धरून ठेवणे ही वेगळीच सवय आहे.

जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. त्या ऐकाव्यात, पुन्हा पुन्हा ऐकाव्यात, परंतु दोन भान ठेवून. पहिले असे की त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, त्यामुळे तिच्यावरचे पद हे रंगभूमीवरच्या पदाचा सार आहे. त्यातली लय आणि घाई मुद्रणाच्या सोयीची असू शकते. दुसरे असे की स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी गायलेली भामिनी, रुक्मिणी किंवा सिंधू ही पुरुषाच्या आवाजातली आहे. त्यांचे शब्दोच्चार, लयीशी लडिवाळपणे खेळणे, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) अलगद येणे हे सारे शिकण्यासारखे आहे, पण त्या आवाजाचा पोत स्त्रीने आपल्या गळ्यातून काढण्याचा प्रयत्न केला की गळा आखडतो आणि हाती नक्कल तेवढी राहते.

पद आधी बोलावे

पद शिकताना पहिले काही दिवस चाल बाजूला ठेवून ते गद्यासारखे म्हणावे. जुन्या पदांतील भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि अन्वय उलटापालटा आहे. स्वयंवरातले किंवा मानापमानातले पद चालीसकट पाठ असलेल्या गायकाला त्याचा अर्थ सरळ मराठीत सांगा म्हटले तर अनेकदा अडखळायला होते. म्हणून आधी अन्वय लावावा, क्रियापद शोधावे, कोणत्या शब्दावर वाक्याचा भार आहे ते ठरवावे, आणि मगच चालीकडे जावे. चाल शिकल्यानंतर एक अडचण हमखास येते: चालीतील सम एका शब्दावर पडते आणि अर्थाचा भार दुसऱ्याच शब्दावर असतो. अशा ठिकाणी चाल मोडू नये; समेवर फार जोर न देता ती गाठावी आणि अर्थाच्या शब्दावर थोडे रेंगाळावे. ज्या नटांची पदे ऐकताना ‘बोलल्यासारखी’ वाटतात त्यांच्या गाण्यात हेच चाललेले असते.

साकी, दिंडी, कामदा यांसारख्या छंदोबद्ध रचना किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांत जागोजागी येतात, आणि त्यांची तयारी पदांपेक्षा निराळी करावी. या रचना म्हणजे सुरात म्हटलेला संवाद होय. त्यांच्यावर आलाप-ताना चढवल्या की नाटक जागीच थांबते. त्या बोलण्याच्या ओघात, समोरच्या पात्राकडे पाहत, एका दमात म्हणून मोकळे व्हावे. नवख्या गायकाने आपली तयारी येथूनच सुरू करावी असे मला वाटते, कारण गद्य आणि पद यांच्या मधली ही पायरी आहे आणि तिच्यावर पाय स्थिर झाला की पुढचे सोपे जाते.

सांधा

आता मुख्य कामाकडे येऊ. प्रत्येक पदासाठी ‘आधीची चार वाक्ये, पदाची पहिली ओळ, पदाची शेवटची ओळ, नंतरची दोन वाक्ये’ एवढा तुकडा वेगळा काढावा आणि तो स्वतंत्रपणे घोटवावा. पद संपूर्ण गाण्याची तालीम गुरूंपुढे बसून होते; या तुकड्याची तालीम उभ्याने, हालचालींसह आणि ऑर्गनवादकाच्या साथीने व्हावी लागते.

गाण्यात शिरताना पहिला प्रश्न सुराचा असतो. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात बोलताना आपला आवाज कोणत्याही उंचीवर जाऊन पोचतो आणि तेथून एकदम षड्जावर उतरायचे झाले की पहिला शब्द हमखास बेसूर लागतो. यावर जुन्या नटांची युक्ती अशी की पदाआधीच्या शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द बोलतानाच त्याची उंची पदाच्या पहिल्या स्वराजवळ आणून ठेवायची. गद्य गद्यच राहते, प्रेक्षकाला काही कळत नाही, पण कान सुरावर आलेला असतो. दुसरा प्रश्न ऑर्गनचा. वाक्य पूर्ण झाल्यावर नट थांबला, मग ऑर्गनने सूर दिला, मग नटाने घसा साफ करून पद उचलले, असे झाले की आता गाणे येणार हे प्रेक्षकाला कळते आणि पात्र रंगमंचावरून निघून जाते. उरतो तो गायक. म्हणून ऑर्गनवादकाबरोबर बसून नेमक्या कोणत्या शब्दावर त्याने सूर धरायचा ते संहितेत खूण करून ठरवावे. साधारणपणे शेवटच्या वाक्याच्या मध्यावर, अगदी मंद आवाजात, सूर सुरू झाला तर शब्द त्या सुरावर येऊन टेकतो. तबलजीने पहिल्या ओळीला ठेका न धरता मुखडा झाल्यावर समेपासून धरावा की आरंभापासूनच धरावा, हे पदाच्या प्रकृतीवर आहे. स्वगतासारख्या पदांत मला पहिला प्रकार बरा वाटतो.

गाण्यातून बाहेर येणे त्याहून कठीण आहे आणि त्याची तालीम त्याहून कमी होते. पद रंगले की टाळ्या पडतात, टाळ्यांत पुढचे वाक्य बुडते, म्हणून नट थांबतो, आणि थांबला की पद गाताना चेहऱ्यावर आलेले समाधान त्याला लपवता येत नाही. समोरचे पात्र तर तोवर नुसतेच उभे असते. यावर उपाय एकच: टाळ्यांच्या वेळेत करण्याजोगी एक कृती आधीच बसवून ठेवावी. वळून खिडकीशी जाणे, पदर सावरणे, समोरच्या पात्राने दोन पावले पुढे येणे, काहीही चालेल, पण ती कृती पदाच्या अर्थातून आलेली असावी आणि टाळ्या ओसरू लागताच, पूर्ण थांबण्याआधी, पहिले वाक्य यावे. ते वाक्य मोठे असेल तर दिग्दर्शकाच्या संमतीने त्याचे दोन भाग करावेत, कारण लांब तानेनंतर श्वास पुरता परत यायला काही क्षण लागतात आणि तोवर लहान वाक्यच नीट बोलता येते. मानेच्या आणि खांद्यांच्या ताणातून घाईने घेतलेला श्वास माईकवर स्पष्ट ऐकू येतो; तोंड किंचित उघडे ठेवून, बरगड्या बाजूंना फुलवून, आवाज न करता श्वास घेण्याचा सराव रोजच्या रियाजात वेगळा करावा.

विस्तार किती करावा

या प्रश्नावर नाटक मंडळींत जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरही होत नसतील. माझे मत असे की विस्ताराचे प्रमाण गायकाच्या तयारीवरून ठरवण्याऐवजी नाटकाच्या काळावरून ठरवावे. ‘सौभद्रा’तील पदांच्या चाली बहुतांशी त्या वेळी लोकांच्या कानावर असलेल्या लावण्या, कीर्तने, स्त्रीगीते आणि कर्नाटकी चीजा यांवरून घेतलेल्या आहेत, त्यांत शब्द भराभर पुढे जातात आणि कथानकही. तेथे दोन-तीन छोट्या जागा (स्वरांच्या लहान हरकती) घेऊन पुढे सरकावे. १९११ साली आलेल्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि १९१६ साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांनी, तेव्हापासून ख्याल-ठुमरीच्या अंगाचे गाणे नाटकात आले आणि विस्ताराला जागा झाली. यमनातले ‘नाथ हा माझा’ किंवा बिहागातले ‘मम आत्मा गमला’ दोन मिनिटांत संपवले तर ‘स्वयंवरा’च्या नायिकेवर, रुक्मिणीवर, अन्याय होतो. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून जितेंद्र अभिषेकी यांनी पुन्हा पद आटोपशीर केले आणि शब्दाला पुढे आणले, तेथे ख्यालासारखी बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) करणे म्हणजे संगीतकाराने जे मुद्दाम टाळले तेच आपण भरून काढणे होय.

प्रमाण ठरले की ते मोजून ठरवावे. प्रत्येक मोठ्या पदासाठी दोन आराखडे तयार ठेवावेत, एक लहान आणि एक मोठा. आवाज कसा आहे, प्रेक्षक कसा आहे, प्रयोग उशिरा सुरू झाला आहे काय, यांवरून त्या दिवशी कोणता आराखडा घ्यायचा ते अंक सुरू होण्याआधी साथीदारांना सांगावे. ऐन रंगात येऊन मनाला येईल तसे गाण्याची मोकळीक फार मोठ्या गायक नटांना शोभते; इतरांच्या बाबतीत तिचा भार समोर ताटकळत उभ्या असलेल्या पात्रावर पडतो.

वन्समोअरचा मान राखावा, पण तो घेण्याची रीत आधी ठरलेली असावी. पूर्ण पद पुन्हा न गाता अंतऱ्यापासून किंवा शेवटच्या ओळीपासून उचलावे आणि पहिल्यापेक्षा थोडे निराळे काही द्यावे. वन्समोअर घेताना वाकून नमस्कार करणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. रुक्मिणी प्रेक्षकांना नमस्कार करीत नसते. शोकाच्या पदाला वन्समोअर आला तर तो नम्रपणे न ऐकल्यासारखे करून संवाद पुढे न्यावा.

दोन तोलामोलाचे गायक एकाच नाटकात असतील तर चढाओढीचा मोह होतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर असा संयुक्त मानापमान झाला, आणि आजही त्याची आठवण अनेकजण गाण्यांच्या सामन्यासारखी सांगतात. तसा प्रसंग शतकात एखादा येतो. एरवी दोघांनी आपापल्या पदांचे आराखडे एकमेकांना दाखवावेत, एकाने घेतलेली ठळक जागा दुसऱ्याने लगेच पुढच्या पदात टाळावी, आणि दुसऱ्याच्या पदाच्या वेळी आपण काय करत उभे राहायचे याचीही स्वतःच्या पदाइतकीच तालीम करावी.

दोन भूमिका, दोन अडचणी

‘एकच प्याला’तील सिंधू ही माझ्या मते गळ्याच्या दृष्टीने मानापमानातल्या भामिनीपेक्षा सोपी आणि एकूण भूमिका म्हणून पुष्कळ अवघड आहे. नाटक गडकऱ्यांचे, प्रथम १९१९ साली आलेले. तिचा नवरा सुधाकर याची भूमिका गद्य आहे. त्यामुळे सिंधूच्या गाण्याला गाण्याने उत्तर मिळत नाही. संसार मोडत जातो तसे तिचे शरीर खंगत जाते, आणि खंगलेल्या बाईने भरदार आवाजात ताना घेतल्या तर सारेच खोटे ठरते. म्हणून पहिल्या अंकातील सुखी सिंधूचा आवाज आणि शेवटच्या अंकातील आवाज यांचे प्रमाण आधी आखावे लागते: सुरुवातीला पूर्ण गोलाई, पुढे कमी विस्तार, अधिक श्वासयुक्त पण सुरेल आवाज, आणि शेवटी जवळजवळ बोलण्याच्या उंचीवर आलेले गाणे. मूल मांडीवर घेऊन, पोट दुमडून गावे लागते त्या ठिकाणी पाठीचा कणा ताठ राहील अशी बैठक शोधावी. एक गुडघा उभा ठेवला तर बरगड्यांना जागा मिळते.

रडणे आणि गाणे यांचे मुळात वैर आहे. खरे रडू आले की स्वरयंत्र वर चढते, घसा आवळतो आणि श्वास तुटक होतो. त्या अवस्थेत सूर लागत नाही. त्यामुळे अश्रूंचा भर पदाआधीच्या गद्यात वाहून जाऊ द्यावा, शेवटच्या वाक्याला एक मोठा उसासा घ्यावा, कारण उसाशाने घसा खाली सैल सुटतो, आणि मग पद संथपणे उचलावे. ‘कशि या त्यजू पदाला’ गाताना स्वर कापरा करण्याची गरज नसते. रडून मोकळ्या झालेल्या बाईचा शांत झालेला आवाज प्रेक्षकाला अधिक रडवतो. हुंदका द्यायचाच असेल तर तो ओळीच्या शेवटी द्यावा, मध्ये देऊ नये.

‘कट्यार काळजात घुसली’मध्ये अडचण उलट प्रकारची आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला आणि त्यात खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांड्यांनी केली. येथे पात्रे गायकच आहेत, त्यामुळे ती का गातात हे पटवून द्यावे लागत नाही. परंतु कोण गातो आहे हे गाण्यातूनच दाखवावे लागते. खाँसाहेबांची तान आक्रमक, चकित करणारी, समोरच्याला खाली बसवणारी हवी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकर यांचे गाणे शांत, भक्तीकडे झुकणारे हवे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन्ही घराण्यांच्या दोन निराळ्या चालींत येते, तेव्हा नाटकातला सगळा झगडा त्या दोन चालींत साठलेला असतो. सर्वांत कठीण काम मला सदाशिवाचे वाटते, कारण तो पंडितजींच्या संस्कारात वाढलेला आणि खाँसाहेबांची विद्या चोरून कानात साठवणारा असल्याने अंकागणिक त्याचे गाणे बदलत गेलेले दिसले पाहिजे. ही भूमिका करणाऱ्याने प्रत्येक अंकातील गाण्यात खाँसाहेबांच्या कोणत्या जागा आल्या आहेत आणि कोणत्या अजून यायच्या आहेत याची लेखी नोंद ठेवावी. शिवाय खाँसाहेब करणाऱ्याने उर्दू वळणाच्या उच्चारांची तालीम एखाद्या जाणकाराकडून वेगळी घ्यावी. ‘ख’ आणि ‘ग’ यांचे घशातले उच्चार ओढूनताणून केले तर तेच गळ्याला खरवडतात.

शरीर, वेश आणि माईक

शालू, दागिने आणि अंबाडा यांचे वजन तालमीत धरलेले नसते, म्हणून शेवटचे दोन आठवडे तरी तितक्याच जड लुगड्यात तालीम करावी. कासोटा किंवा शेला पोटावर इतका घट्ट नसावा की बरगड्या फुलणार नाहीत. वेशभूषाकारासमोर एक लांब तान घेऊन दाखवली की हा वाद मिटतो. कॉलर माईकवर मंगळसूत्र किंवा तन्मणी घासणार नाही हे रंगीत तालमीतच पाहावे. विंगेतील मॉनिटरमध्ये ऑर्गन आणि तबला ऐकू येतील एवढेच मागावे. स्वतःचा आवाज मोठा ऐकण्याची सवय लावून घेतली तर जेथे मॉनिटर नसतो तेथे आपण नकळत ओरडू लागतो. रियाज तानपुऱ्यावर आणि तालीम ऑर्गनवर असा भेद ठेवावा, कारण ऑर्गनचे स्वर ठरलेल्या जागी बांधलेले असतात आणि रागातील कोमल स्वरांच्या बारीक जागा त्यावर मिळत नाहीत. कान तानपुऱ्यावर तयार झाला असेल तर ऑर्गनशी जमवून घेणे साधते.

आवाजाची निगा

प्रयोगाच्या आधी घटाघटा पाणी पिऊन फारसे काही साधत नाही, कारण पाणी अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंवरून जात नाही; शरीरात ओलावा असेल तर तंतू ओलसर राहतात, म्हणून पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. साध्या पाण्याची वाफ घेणे चांगले, मात्र तिच्यात झोंबणारे मलम टाकू नये. आवाज बसला असताना कुजबुजणे हा विश्रांतीचा प्रकार नव्हे; कुजबुजताना तंतूंवर ताण येऊ शकतो, म्हणून बोलायचेच असेल तर हळू पण खऱ्या आवाजात बोलावे आणि एरवी मौन पाळावे. दौऱ्यावरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मध्यरात्रीचे तिखट जेवण आणि लगेच आडवे होणे. त्याने आम्लपित्त घशापर्यंत चढते आणि सकाळी आवाज घोगरा लागतो. पुष्कळांना वाटते की काल फार गायलो म्हणून असे झाले. मुख्य जेवण प्रयोगाच्या तीनेक तास आधी करावे, प्रयोगानंतर हलके काहीतरी खावे आणि उशाशी थोडी उंची ठेवून झोपावे.

आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ घोगरा राहिला, किंवा गाताना एकाएकी फुटला आणि परत आला नाही, तर काढे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्यावी. वेदनाशामक गोळी घेऊन प्रयोग ओढून नेणे धोक्याचे आहे, कारण दुखणे हा गळ्याने दिलेला इशारा असतो. मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ रोजी, बालगंधर्वांच्या मुलीचे निधन झाले आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, ही हकिकत आपल्याकडे आदराने सांगितली जाते आणि ती आदरास पात्र आहेच. परंतु तिचा आधार घेऊन सुजलेल्या तंतूंनी गायला लावणारे व्यवस्थापक भेटतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा. मनाचे दुःख गिळून गाता येते. तंतूवर झालेला रक्तस्राव गिळता येत नाही. त्यासाठीच प्रमुख भूमिकेला रिप्लेसमेंट तयार असावी असा आग्रह नटाने स्वतः धरावा, आणि तिला आपले आराखडे मोकळेपणाने द्यावेत.

प्रयोगाचा दिवस

सकाळी मंद्र सप्तकात थोडा खर्ज लावावा आणि मग आवाज सोडून द्यावा. पदे गाऊन पाहू नयेत. नाट्यगृहात पोचल्यावर रिकाम्या रंगमंचावर उभे राहून दोन वाक्ये आणि एक ओळ म्हणावी, म्हणजे तेथे आवाज कसा फिरतो ते कळते. मेकअपला बसण्याआधी मिटल्या ओठांनी गुणगुणणे, ओठांची फुरफुर करीत स्वर चढवणे-उतरवणे, अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉमधून स्वर लावणे, यांपैकी काहीही दहा मिनिटे केले तर तंतू सावकाश जागे होतात. पहिल्या घंटेच्या आधी ऑर्गनवादकाशी आणि तबलजीशी त्या दिवसाचे आराखडे बोलून घ्यावेत. नांदी विंगेतून सर्वांबरोबर गावी, पण पूर्ण आवाज लावून गाऊ नये.

गोव्यात देवस्थानांच्या उत्सवांत होणारे प्रयोग ही निराळी परीक्षा असते. मांडव उघडा असतो, प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो, हवेत ओलावा असतो, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांना तुमची पदे तुमच्याइतकीच पाठ असतात. उघड्यावर आवाज परत येत नाही, त्यामुळे आपण कमी पडतो आहोत असे वाटून नट पहिल्याच अंकात सारे उधळून बसतो. अशा ठिकाणी पहिला अंक मुद्दाम निम्म्या जोराने करावा, माईकवर विश्वास ठेवावा, आणि पदांचे लहान आराखडे घ्यावेत; तेथला रसिक शेवटच्या अंकापर्यंत बसून राहणारा असतो. दुपारी झोप काढणे अशा दिवशी तालमीइतकेच महत्त्वाचे ठरते.

लागोपाठ दोन दिवस प्रयोग असतील तर पहिल्या प्रयोगानंतर भेटायला येणाऱ्यांशी विंगेत, गोंगाटात, मोठ्याने बोलत उभे राहणे टाळावे. गाऊन तापलेल्या आवाजाला नाटकापेक्षा या अर्ध्या तासाने अधिक इजा होते. रंग उतरवताना पाच मिनिटे अगदी खालच्या पट्टीत गुणगुणावे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कमीत कमी बोलावे, आणि कालच्या प्रयोगात कोणत्या सांध्याला सूर सुटला, कोठे श्वास अपुरा पडला ते संहितेत त्या त्या खुणेशेजारी लिहून, प्रयोगाआधी ऑर्गनवादकाला दाखवावे.